कूलंटचं धुकं आणि फिल्टरची टक्केवारी

कूलंटचं धुकं खेचून गाळणाऱ्या मिस्ट कलेक्टरचं कुठलंही माहितीपत्रक उघडा, सगळ्यात ठळक अक्षरांत एक टक्केवारी छापलेली असते. 95, 99, 99.97. मशीन शॉपचा मालक तीन पुरवठादारांची कोटेशन्स समोर ठेवतो, टक्केवारी आणि किंमत ताडून पाहतो आणि ऑर्डर देतो. सहा महिन्यांनी शेडमध्ये तेच धुकं, यंत्रांवर तोच चिकट थर, तोच वास. मग निष्कर्ष निघतो की ही यंत्रं काही कामाची नाहीत. माझं म्हणणं असं की यंत्र बहुतेक वेळा ठीक असतं, खरेदीच्या वेळी विचारलेला प्रश्न चुकलेला असतो. ती टक्केवारी फक्त डब्यात शिरलेल्या हवेची असते. जे धुकं डब्यापर्यंत पोचलंच नाही त्याच्याबद्दल ती काही सांगत नाही, आणि ऑपरेटरच्या छातीत जातं ते नेमकं हेच धुकं. म्हणून आधी पाहायचं ते धुकं कुठे तयार होतं, ते कसं कोंडता येईल आणि त्यासाठी किती हवा खेचावी लागेल. फिल्टर किती बारीक हवा, हे त्यानंतर ठरतं.

उदाहरणादाखल आकडे घेऊन हिशोब करून पाहू. एका यंत्रात तयार होणारं धुकं शंभर भाग धरलं. दरवाजाच्या फटी, वरून उघडी बाजू आणि अपुरा पंखा यांमुळे त्यातले 60 भागच कलेक्टरमध्ये जातात. कलेक्टर 99.97 टक्क्यांचा, म्हणजे आत आलेलं जवळजवळ सगळं तो अडवतो. तरी शेडमध्ये 40 भाग पसरतातच. आता तेच यंत्र नीट बंदिस्त केलं, पुरेशी हवा खेचून 95 भाग आत घेतले, आणि फिल्टर मात्र 95 टक्क्यांचाच बसवला. फटींतून सुटलेले पाच आणि फिल्टरमधून निसटलेले पावणेपाच, मिळून दहाच्याही आत. साध्या फिल्टरने शेडमधलं धुकं महागड्या फिल्टरच्या चौथ्या हिश्शावर आणलं. फिल्टरमधून निसटतात ते थेंब सगळ्यांत बारीक असतात, त्यामुळे बारीक फिल्टरचं महत्त्व संपत नाही. पण क्रम उलटा केला की पैसे जातात आणि धुकं राहतं.

हे धुकं तयार कसं होतं ते समजून घेतल्याशिवाय पुढचं काही नीट ठरवता येत नाही. बहुतेक सीएनसी आणि व्हीएमसी यंत्रांत वापरलं जाणारं कूलंट म्हणजे पाण्यात साधारण 5 ते 10 टक्के सोल्युबल ऑइल मिसळून केलेला दुधाळ द्राव. त्याची धार मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या टूलवर किंवा चकवर आदळते तेव्हा ती फुटून थेंब उडतात. स्पिंडलच्या आतून 70 बार दाबाने कूलंट सोडणाऱ्या यंत्रांत हे थेंब आणखी बारीक होतात. शिवाय कापण्याच्या जागी धातू तापतो, तिथे तेलाची वाफ होते आणि थंड हवेत ती पुन्हा द्रवरूप होऊन धुरासारखे कण बनतात. हे कण बहुतांशी एका मायक्रॉनच्या आतले. फिल्टर निवडणाऱ्याने एक गोष्ट विशेष लक्षात घ्यायला हवी. 10 मायक्रॉनचा थेंब हवेत उडाला की त्यातलं पाणी बघता बघता उडून जातं. द्राव 5 टक्क्यांचा असेल तर मागे उरतो तो साधारण 4 मायक्रॉनचा थेंब. पाणी गेलं, पण तेल, अमाइन, जंतुनाशक आणि धातूचा बारीक चुरा तेवढाच राहिला, आता तो आणखी लहान आणि आणखी घट्ट झाला. स्थिर हवेत 10 मायक्रॉनचा थेंब छातीच्या उंचीवरून जमिनीवर यायला आठ-नऊ मिनिटं घेतो. 4 मायक्रॉनच्या थेंबाला पाऊण तासाहून जास्त लागतो, एका मायक्रॉनच्या थेंबाला सुमारे बारा तास. आणि शेडमधली हवा स्थिर कधीच नसते. म्हणजे पहिल्या शिफ्टने उडवलेले थेंब दुसऱ्या शिफ्टच्या नाकात जातात. साधारण 4 मायक्रॉनपर्यंतचे कण फुफ्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोचू शकतात. डोळ्यांना दिसणारे मोठे शिंतोडे त्या मानाने निरुपद्रवी, कारण ते खाली पडतात किंवा नाकाघशातच अडतात.

यावर पहिला आक्षेप येतो तो कायद्याच्या आधाराने. भारतात कारखाना अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत खनिज तेलाच्या धुक्यासाठी आठ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे 5 मिलिग्रॅम ही मर्यादा दिली होती. बऱ्याच शॉपमधली मोजणी त्याच्या खूपच खाली येते. मग एवढा खटाटोप कशाला? पण ती मर्यादा साध्या खनिज तेलाच्या धुक्यासाठी होती. पाण्यात मिसळलेलं, महिनोन्‌महिने टाकीत फिरणारं, जंतू आणि जंतुनाशकं दोन्ही बाळगणारं कूलंट हा वेगळाच पदार्थ आहे. अमेरिकेतल्या निऑश या व्यावसायिक आरोग्य संस्थेने 1998 साली सगळा पुरावा तपासून धातुकामाच्या द्रवांसाठी 0.4 मिलिग्रॅमची शिफारस केली. ही छातीत उतरू शकणाऱ्या कणांची मोजणी आहे, आणि एकूण कणांच्या भाषेत ती साधारण 0.5 होते. या मर्यादेच्या खालीही काही कामगारांना दम्याचा त्रास होऊ शकतो, असं त्याच अहवालात नोंदवलं आहे. तिथल्या वाहन कामगारांच्या संघटनेने 1993 साली नवा नियम मागितला, 1999 साली सरकारच्या सल्लागार समितीनेही 0.5 सुचवले, तरी तिथल्या कायद्यातला 5 चा आकडा बदलला नाही. म्हणजे कायद्यातल्या आकड्याच्या आत असणं हा सुरक्षिततेचा दाखला नाही.

इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅममधल्या लाँगब्रिज इथल्या मोटार इंजिनांच्या कारखान्यात 2003-04 च्या सुमारास जे घडलं त्याने हे फार स्पष्ट केलं. तिथे 80 हून अधिक कामगारांना कामामुळे झालेला दमा किंवा वायुकोशांना सूज आणणारा आजार असल्याचं निदान झालं. अशा आजाराच्या नोंदलेल्या सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी हा एक. संशय गेला तो जंतूंनी दूषित झालेल्या वापरातल्या कूलंटच्या धुक्यावर. हवेतल्या मोजण्या बहुतांशी त्या वेळच्या मार्गदर्शक मर्यादेच्या, म्हणजे पाण्यात मिसळणाऱ्या कूलंटसाठी 1 मिलिग्रॅमच्या, आतच होत्या. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा यंत्रणेने पुढे तो मार्गदर्शक आकडाच मागे घेतला. असा आकडा दिला की तो गाठणं म्हणजेच सुरक्षित असणं, अशी समजूत होते.

लाँगब्रिजमधून निघणारा दुसरा धडा फिल्टर विकणारे सांगत नाहीत: टाकीतलं कूलंट खराब असेल तर कलेक्टरची अर्धी लढाई आधीच हरलेली असते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवारी सुट्टी असते. शुक्रवारी सकाळी पंप सुरू केल्यावर कुजक्या अंड्यासारखा वास आला तर समजावं की थांबलेल्या टाकीत, वर तरंगणाऱ्या स्लाइडवेच्या तेलाच्या साईखाली हवा न मिळालेल्या जंतूंनी आपलं काम केलं आहे. हे जंतू औषध टाकून मारले तरी त्यांच्या पेशींच्या आवरणातला एंडोटॉक्सिन हा घटक द्रावात राहतो आणि थेंबांबरोबर हवेत उडतो. म्हणून वरचं तेल स्किमरने काढणं, रिफ्रॅक्टोमीटरने रोज प्रमाण पाहणं, पीएच साडेआठ ते साडेनऊच्या दरम्यान ठेवणं, टाकीच्या तळाचा गाळ उपसणं ही कामं हवा शुद्धीकरणाचीच आहेत. प्रमाण विनाकारण 12 टक्क्यांवर गेलं तर प्रत्येक थेंबातला सुकल्यावर उरणारा भाग वाढतो. गरज 20 बारची असताना 70 बारने कूलंट सोडलं तर धुकं वाढतं. नोझल टूलच्या कडेला न लागता चकवर मारत असेल तर तेच. हे सगळं दुरुस्त करायला खर्च नगण्य येतो, आणि कलेक्टर घेण्याआधी ते केलं तर लागणारा कलेक्टरही लहान होतो.

आता कोंडण्याकडे येऊ. 1948 च्या कारखाना अधिनियमाचं 14 वं कलम धूळ आणि धूर यांबद्दल होतं. हवा खेचणारी योजना लागत असेल तर ती दूषित पदार्थ निर्माण होण्याच्या जागेच्या शक्य तितकी जवळ असावी आणि ती जागा शक्य तितकी बंदिस्त असावी, असं त्यात म्हटलं होतं. इतक्या जुन्या कलमात तत्त्व अचूक मांडलेलं आहे. व्हीएमसीला बाजूचे पत्रे असतात, पण कित्येक यंत्रांचं वरचं तोंड उघडं असतं, आणि धुकं तिथूनच निघून जातं. वर पत्रा किंवा पारदर्शक शीट बसवणं, दरवाजाच्या सरकत्या कडेला ब्रश किंवा रबर लावणं, चिप कन्व्हेयरच्या तोंडाला पट्ट्यांचा पडदा टांगणं, एवढ्याने फटींचं क्षेत्रफळ निम्म्याहून कमी होऊ शकतं. मग उरलेल्या प्रत्येक फटीतून हवा आतच गेली पाहिजे. त्यासाठी सेकंदाला सुमारे अर्धा मीटर वेग हा वापरात असलेला आडाखा आहे. फटींचं एकूण क्षेत्रफळ 0.2 चौरस मीटर असेल तर तासाला 360 घनमीटर हवा पुरेल. त्याच यंत्राचं तोंड वरून उघडं ठेवलं आणि ते एक चौरस मीटर भरलं, तर तेवढ्या एका भोकासाठी 1,800 घनमीटर लागतील. हा फरक पत्र्याच्या एका तुकड्याचा आहे.

पण फटींचा हिशोब पुरेसा नाही, कारण दरवाजा उघडतो. सायकल संपते, ऑपरेटर दरवाजा सरकवतो, आणि आत साठलेला ढग थेट त्याच्या तोंडावर येतो. दिवसभरात हे शंभर-दोनशे वेळा होतं. यंत्राच्या आतली पोकळी साडेचार घनमीटर असेल आणि कलेक्टर तासाला 800 घनमीटर, म्हणजे सुमारे 470 सीएफएम, हवा खेचत असेल, तर एकदा सगळी हवा बदलायला वीस सेकंद लागतात. आतली हवा सतत मिसळत असल्यामुळे वीस सेकंदांनी धुकं 37 टक्क्यांवर येतं आणि मिनिटाभराने 5 टक्क्यांवर. तीन मिनिटांच्या जॉबमागे मिनिटभर थांबा, असं उत्पादनवाल्यांना सांगून कुणी ऐकणार नाही, आणि त्यांचं न ऐकणं मला समजतं. पण मधला मार्ग आहे. शेवटचा कट झाल्यावर टूल मागे यायला, टरेट घरी जायला, स्पिंडल थांबायला काही सेकंद जातातच. प्रोग्रॅममध्ये एम09, म्हणजे कूलंट बंदची आज्ञा, शेवटच्या कटनंतर लगेच घातली तर हे सेकंद फुकट मिळतात. त्यात दहा-पंधरा सेकंदांचा दरवाजा उशिरा उघडण्याचा टायमर जोडला आणि कलेक्टर थोडा मोठा घेतला की बराचसा ढग आतच निपटतो. पुढची गोष्ट एअर गनची. ऑपरेटर जॉब बाहेर काढून त्यावर सहा बारच्या हवेचा फवारा मारतो आणि जॉबवरचं कूलंट एका क्षणात धुकं होऊन हवेत जातं. यंत्राच्या डोक्यावर लाखाचा कलेक्टर असला तरी या धुक्याचं तो काही करू शकत नाही. जॉब आतच, दरवाजा जवळजवळ लावून, कमी दाबाने फुंकायचा किंवा नुसता निथळू द्यायचा, हा बदल कुठल्याही फिल्टरपेक्षा जास्त फरक पाडू शकतो.

दुसरा आक्षेप बहुतेक लहान गाळ्यांतून ऐकू येतो: भिंतीत दोन मोठे एक्झॉस्ट फॅन बसवले की झालं. भिंतीतला पंखा धुकं पातळ करतो. ते यंत्रापासून पंख्याकडे जातं ते मधल्या सगळ्या माणसांच्या नाकांवरून. उष्णता बाहेर काढायला असे पंखे हवेतच, पण एका यंत्राचं काम त्यांच्याकडून होत नाही. आपल्याकडे तर उन्हाळ्यात प्रत्येक ऑपरेटरच्या पाठीशी एक पेडेस्टल फॅन उभा असतो. त्याचा झोत सेकंदाला दोन-तीन मीटरने यंत्राच्या दरवाजावर आदळतो, आणि अर्ध्या मीटरच्या वेगावर बेतलेली खेच तिथे कोलमडते. पंखा काढा असं एप्रिलमध्ये सांगणं अमानुष ठरेल. तो यंत्राच्या तोंडासमोरून हलवून बाजूने, माणसाच्या अंगावर येईल असा लावला तर दोन्ही साधतं. कलेक्टरची जागा ठरवताना शेडमधल्या पंख्यांचा नकाशा कागदावर काढावा, हे मला अगदी गरजेचं वाटतं.

एवढं झाल्यावर यंत्राच्या प्रकाराचा प्रश्न येतो. बाजारात तीन कुळं आहेत. पहिलं केंद्रोत्सारी यंत्रांचं: आत वेगाने फिरणारं ड्रम, त्यावर आदळून थेंब एकमेकांत मिसळतात, भिंतीवर फेकले जातात आणि नळीने परत टाकीत येतात. लहान, व्हीएमसीच्या छपरावर बसणारं, बदलायचे भाग कमी. पाण्यात मिसळलेल्या कूलंटच्या एक-दोन मायक्रॉनच्या वरच्या थेंबांसाठी ते चांगलं काम करतं. धुरासारखे बारीक कण मात्र त्यातून निघून जातात, म्हणून वर आणखी एक बारीक फिल्टर लावतात. ड्रमवर चुरा साचला की तोल जातो, थरथर सुरू होते, बेअरिंग जातं. दुसरं कुळ विद्युत अवक्षेपकांचं. दहा हजार व्होल्टच्या आसपासच्या तारेजवळून हवा जाते, कणांना विद्युतभार मिळतो आणि ते पट्ट्यांवर चिकटतात. तेलाचा बारीक धूर पकडण्यात हे पटाईत, हवेला अडथळाही जवळजवळ नाही, त्यामुळे वीज कमी लागते. पण पट्ट्या स्वच्छ असेपर्यंतच. त्यांच्यावर थर चढला की पकड उतरत जाते, आणि पंखा मात्र पूर्वीसारखाच फिरत राहतो, त्यामुळे बाहेरून काही कळत नाही. पाण्याचं कूलंट असेल तर ठिणग्या उडू लागतात, चिकट राळ साचते. पट्ट्या वेळच्या वेळी धुणारा माणूस नेमलेला नसेल तर हे यंत्र घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरं कुळ धाग्यांच्या फिल्टरचं, आणि सर्वसाधारण शॉपला मी त्याचीच शिफारस करेन. आधी धातूची जाळी, तिथे चुरा आणि मोठे थेंब अडतात. मग काचेच्या धाग्यांचा जाड थर, त्यात लहान थेंब धाग्यांना चिकटून, एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि स्वतःच्या वजनाने खाली गळतात. शेवटी गरजेप्रमाणे हेपा, म्हणजे अतिशय बारीक कण अडवणारा फिल्टर. अशा यंत्राची खरी कसोटी मधल्या थरावर लागते. तो निथळत राहिला तर दीर्घकाळ टिकतो, निथळला नाही तर तुंबतो. आणि इथेच टक्केवारीतला दुसरा सापळा आहे. काही कृत्रिम धाग्यांवर स्थिर विद्युतभार दिलेला असतो. नवे कोरे असताना ते बारीक कण सुरेख पकडतात, पण तेल लागलं की भार निघून जातो आणि पकड घसरते. म्हणून पुरवठादाराला विचारावं: तुमची टक्केवारी कोऱ्या फिल्टरची की तेलाने भिजलेल्या फिल्टरची, आणि कुठल्या आकाराच्या कणांवर मोजलेली? 99 टक्के हा आकडा 10 मायक्रॉनवर मिळवणं सोपं आहे. 0.3 मायक्रॉनवर तो मिळवणं हे वेगळं काम. याच कारणाने कामगारांना मास्क वाटण्याचा उपायही लंगडा पडतो. अमेरिकी वर्गीकरणात एन95 मधल्या एनचा अर्थ हा मास्क तेलासाठी नाही, असा आहे. तेलाच्या धुक्यासाठी आर किंवा पी वर्गाचे मास्क लागतात, आणि वैशाखात आठ तास ते तोंडाला घट्ट बांधून काम होत नाही.

कामाप्रमाणे निवड बदलते. कोल्हापूर भागात ओतकामाचे कारखाने मोठ्या संख्येने आहेत, तिथे बीडाचं कास्टिंग यंत्रावर चढतं. बीडात ग्राफाइट असतं, त्याची काळी बारीक पूड कूलंटमध्ये मिसळून चिखल होतो आणि तो धाग्यांच्या फिल्टरला लिंपून टाकतो. तिथे पहिल्या टप्प्यावर चुरा वेगळा करणारी, धुता येणारी मोठी जाळी किंवा सायक्लोन नसेल तर पुढचा महागडा फिल्टर काही आठवड्यांत जातो. गिअर हॉबिंग किंवा गिअर ग्राइंडिंगमध्ये पाणी नसतं, नीट ऑइल असतं. तिथे धूर जास्त, कण बारीक, म्हणून हेपा किंवा नीट देखभाल होणारा विद्युत अवक्षेपक लागतोच. शिवाय आगीचा धोका येतो. तेलाने माखलेल्या नळीत एक ठिणगी गेली तर आग थेट कलेक्टरपर्यंत धावते. अशा यंत्रांना ठिणगी अडवणारा टप्पा आणि आग लागताच नळी बंद करणारी झडप ही चैन समजू नये. कोरडं बीड कापणाऱ्या यंत्राला मिस्ट कलेक्टर लावणं ही तर सरळ चूक, तिथे धूळ पकडणारं वेगळं यंत्र हवं.

नळ्यांबद्दल थोडक्यात. खेचण्याचं तोंड कूलंटच्या फवाऱ्यासमोर नको, नाहीतर कलेक्टर पंपासारखा कूलंटच ओढतो. तोंडापुढे आडवा पत्रा हवा. नळीला उतार यंत्राकडे हवा, म्हणजे जमलेलं तेल परत टाकीत जाईल. लवचीक पाइपला झोळ पडला की त्यात तेल साचतं आणि हवेची वाट बंद होते. कलेक्टरच्या निथळ नळीला वाकण देऊन त्यात द्राव राहील असं करावं लागतं, नाहीतर पंखा त्या नळीतूनच हवा ओढतो आणि तेल खाली उतरतच नाही.

गाळलेली हवा शेडमध्येच सोडायची की बाहेर, यावर मतभेद आहेत. वातानुकूलित शॉपमध्ये थंड हवा बाहेर टाकणं महाग पडतं, त्यामुळे शेवटी हेपा लावून ती आतच फिरवण्याकडे कल असतो. पण थेंबांचा कुठलाही फिल्टर वाफा आणि वायू अडवत नाही. जंतुनाशकांतून सुटणारं फॉर्मल्डिहाइड, अमाइनचे वास, फिल्टरमध्ये साठलेल्या तेलातून पुन्हा उडणारी वाफ, हे सगळं हेपातून आरपार जातं. साध्या पत्र्याच्या शेडमध्ये, जिथे हवा थंड करण्याचा खर्चच नाही, तिथे गाळून बाहेर सोडणं हेच बरं. न गाळता बाहेर सोडणं मात्र शेजारच्या गाळ्यावर आपलं तेल ओतण्यासारखं आहे.

खर्चाचा आक्षेप सगळ्यांत प्रामाणिक आहे आणि त्याला गोड उत्तर देऊ नये. परत मिळालेल्या कूलंटमधून कलेक्टरची किंमत वसूल होते असं विक्रेते सांगतात. पाण्यात मिसळलेल्या कूलंटच्या बाबतीत हा हिशोब सहसा जुळत नाही, कारण परत येतं त्यात बरंचसं पाणी असतं. निसरडी जमीन, कंट्रोल पॅनेलमध्ये शिरलेल्या तेलाने बिघडणारे बोर्ड, एसीच्या कॉइलवरचा थर यांत काही पैसे वाचतात, पण खर्चाचं मुख्य कारण माणसाचं फुफ्फुस आहे आणि ते तसंच सांगावं. चार-सहा यंत्रांच्या गाळ्याने सगळीकडे एकदम कलेक्टर लावायची गरज नाही. आधी टाकी, दाब, नोझल, फटी, एअर गन. मग सगळ्यांत जास्त धुकं करणाऱ्या एका यंत्राला चांगला कलेक्टर. कुठलं यंत्र ते शोधायला महाग उपकरण लागत नाही: रात्रपाळीत त्या भागातले दिवे मालवून एक प्रखर टॉर्च यंत्रामागून दरवाजाच्या दिशेने धरावा आणि प्रकाशझोताच्या जरा बाजूला उभं राहून झोताकडे पाहावं. एरवी न दिसणारे कण त्या झोतात चमकतात आणि धुकं कुठल्या फटीतून, कुठल्या दिशेने निघतं ते उघड्या डोळ्यांना दिसतं. ब्रिटनमधले कारखाना निरीक्षकही ही रीत वापरतात.

शेवटी देखभाल, कारण चांगले कलेक्टर मरतात ते इथे. फिल्टर तुंबू लागला की त्याच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक वाढतो आणि हवा कमी होते. हा फरक दाखवणारा साधा गेज नसलेला कलेक्टर घेऊच नये, आणि गेज यंत्राच्या डोक्यावर न ठेवता ऑपरेटरच्या नजरेच्या उंचीवर, नळी लांबवून, लावून घ्यावा. त्यावर लाल खूण कुठे करायची ते पुरवठादाराने लिहून द्यावं. वर्षाला फिल्टरचे किती संच लागतील आणि त्यांची किंमत किती, हे कोटेशनमध्येच मागावं. कित्येकदा दोन वर्षांतले फिल्टर यंत्राच्या किमतीशी बरोबरी करतात आणि तेव्हा पहिल्या दिवशी स्वस्त वाटलेलं यंत्र महाग ठरतं. तेलाने भिजलेले जुने फिल्टर घातक कचऱ्यात मोडतात, ते भंगारवाल्याला देऊन चालत नाही, म्हणून त्यांच्या विल्हेवाटीचा खर्चही याच हिशोबात धरायचा. आणि ऑर्डरमध्ये एक अट घालावी: कलेक्टर बसवण्याआधी ऑपरेटरच्या कॉलरला लावलेल्या पंपाने आणि फिल्टर कागदाने पूर्ण शिफ्टची मोजणी, बसवल्यावर तशीच दुसरी, आणि तीन महिन्यांनी, फिल्टर तेलाने पुरेसे भिजल्यावर, तिसरी. शेवटचा हप्ता तिसऱ्या मोजणीनंतर द्यायचा.